आठव्या कापणीनंतर

सावदा. रात्रपाळी. बाहेर अजून अडतीस अंश,
आत पंचवीस, आणि तोंडावर गाळलेली हवा.
चिमटा ज्योतीत धरते, निवू देते,
बाटलीतून कोंब काढते, त्याचे चार करते.
चारांचे सोळा. पुढचं मी मोजत नाही,
ते संगणकाचं काम.

मांडणीवर चाळीस हजार बाटल्या
आणि सगळ्यांत मिळून केळ एकच.
कुणाच्या तरी बांधावर तिनं एकदा
दृष्ट लागावी असा घड दिला, म्हणून उचलली.
तिचं खोड केव्हाच कुजून खत झालं
आणि ती अजून मेलेली नाही.

गुलशेर तडवी बाटल्या धुतो,
धुताना मोबाइलवर भाषणं ऐकतो:
माणूस उद्या आपलं मन यंत्रात उतरवून घेईल,
एकाच्या शंभर प्रती, पाठवा वाटेल तिथं,
शनीच्या चंद्रावर एक, समुद्राच्या तळाला एक,
घरी एक, दळण आणायला.
मी हसले. तो नाही हसला.
म्हणाला, "मंग ताई, मयतीले कोन जाईन वं?"

तेव्हापासून बाटलीवर तारीख घालताना
मला एक जहाज दिसतं.
चकचकीत नाही. निंभोऱ्याच्या स्टेशनात
केळी भरायला लागते तसली लांबलचक गाडी.
आत मांडण्या, मांडण्यांवर बाटल्या, बाटल्यांत
हेमांगी फेगडे, हेमांगी फेगडे, हेमांगी फेगडे,
प्रत्येकीच्या टाचेला तीच भेग,
प्रत्येकीचा एकोणीसचा पाढा त्याच जागी अडलेला.
तीनशे वर्षांनी कुठल्याशा तांबड्या धुळीत
आम्हाला काढून ओळीनं लावतील,
ठिबकनं पाणी देतील.
पहिली विचारेल, तापी कुठंय?
आणि बाकीच्या नव्याण्णव त्याच क्षणी, त्याच आवाजात
तेच विचारतील.
सांगायला उरेल कोण?

केळीचंही असंच झालं.
कधीकाळी तिच्या पोटात बी होतं, दात हलवणारं.
आपल्याला गोडवा हवा होता.
ती बी विसरली.
आता वाढायला तिला आपला हात लागतो
आणि जायला एक रोग पुरतो.
काकांच्या बागेत शिरला तेव्हा पाहिलंय मी:
सहा हजार रोपं, एकाच आठवड्यात,
एकाच जागी पिवळा पट्टा.
कुणी एक तरी वेगळं आजारी पडावं ना!

आमच्याकडं नियम आहे, आठच कापण्या.
त्यापुढं त्याच कोंबावर हात चालवायचा नाही.
नक्कल थकते.
एखादं पान मुडपून येतं, एखादं रोप ठेंगणं राहतं,
एखाद्यावर चुन्याचा ओघळ आल्यासारखी रेघ.
त्याला आम्ही 'फरक' म्हणतो
आणि लाल टोपलीत टाकतो.

एक फरक मी डब्यातून घरी नेला होता.
मोरीमागं लावला. चौथं वर्ष. घड नाही.
पानं मात्र अशी काढतो की
येणारा-जाणारा विचारतो, हे कुठलं गं?
मला सांगता येत नाही.

काल गुलशेर पालच्या वरच्या कड्यांवरून आला,
रुमालाची गाठ सोडली.
रानकेळीचं बी. वाटाण्याएवढं, काळं, दगड.
"हिले एकदाच फूल येतं. मंग मरते.
बी खाली गडगडते. जे उगीन
ते तिच्यासारखंच राहीन, असं काही नाही."

मी ते उजेडात धरलं.
त्याला काहीच पाठ नव्हतं.

तेव्हा जहाजाची यादी करणारे जे कुणी असाल ते,
भरा बाटल्या खुशाल, मीही भरून देते.
फक्त एकीत जेली घालू नका. कोरडी ठेवा.
हे बी टाका. वर नाव नको, क्रमांक नको.
तिथं जे उगवेल त्याला तापी ठाऊक नसेल.
ते दुसरंच काहीतरी विचारेल,
मी रात्रभर बसले तरी
मला न सुचणारं.

पावणेसहा. अजून दोनशे बाटल्या राहिल्यात.
गुलशेर, तो पंखा बंद कर,
ज्योत हलते.